मायोसायटिसमध्ये स्नायूंचा एमआरआय: फॉर्म भरण्यापासून फेरतपासणीपर्यंत, पायरीपायरीने

मायोसायटिसच्या, म्हणजे स्नायूंच्या दाहाच्या, संशयाने काढलेले स्नायूंचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातले कितीतरी स्कॅन वाया जातात आणि वाया जाण्याची कारणं ठरलेली असतात. भलताच भाग स्कॅन झालेला असतो, आदल्याच दिवशी त्या मांडीत ईएमजीची (स्नायूतल्या विद्युत् हालचाली मोजणाऱ्या तपासणीची) सुई टोचलेली असते, स्टेरॉइड सुरू होऊन दोन महिने उलटलेले असतात, नाहीतर फॉर्मवर फक्त ‘अशक्तपणा’ एवढा एकच शब्द असतो. हा लेख तपासणी लिहून देणाऱ्या, ती करणाऱ्या आणि तिचा रिपोर्ट वाचणाऱ्या तिघांसाठी आहे. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही वाचावा, कारण तयारीचा बराच भाग त्यांच्याच हातात असतो.

पुढचं सगळं दोन शब्दांभोवती फिरणार आहे: ओल आणि चरबी. दाहामुळे स्नायूत जे पाणी साचतं ती ओल. औषधांनी ती ओसरू शकते. मेलेल्या स्नायूतंतूंच्या जागी जो मेद भरतो ती चरबी. तिथे पुन्हा स्नायू उगवत नाही. एकाच स्कॅनमध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी प्रतिमा काढतात, त्या पद्धतींना सिक्वेन्स म्हणतात. ओल दिसते चरबी दाबणाऱ्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे स्टिर प्रतिमेत किंवा फॅट-सॅट टी-टू प्रतिमेत, पांढरी. चरबी दिसते टी-वन प्रतिमेत, तीही पांढरीच. चरबी न दाबलेल्या साध्या टी-टू प्रतिमेत मात्र दोन्ही उजळ दिसतात आणि तिथेच गफलत होते. उपचार चालू ठेवायचे, वाढवायचे की थांबवायचे, याचा निर्णय या दोघींना वेगळं ओळखण्यावर अवलंबून असतो.

## पायरी 1: स्कॅनला नेमका प्रश्न विचारा

स्कॅन लिहिण्याआधी स्वतःला विचारा, की उत्तर हातात आल्यावर मी काय वेगळं करणार आहे? साधारणपणे प्रश्न चारांपैकी एक असतो. स्नायूंत सक्रिय दाह आहे का? बायॉप्सी कुठून घ्यायची? उपचार चालू असताना ताकद कमी होतेय, तर आजार उसळलाय, जुनी हानी आहे, की स्टेरॉइडमुळेच स्नायू कमजोर झालेत? आणि चौथा, हा खरंच मायोसायटिस आहे, की आनुवंशिक डिस्ट्रॉफी (जनुकीय दोषामुळे स्नायू झिजवणारा आजार) त्याच्या वेषात आली आहे?

प्रश्न बदलला की स्कॅनचा भागही बदलतो. जिना चढताना आणि खुर्चीतून उठताना त्रास होत असेल तर कंबरेखालचा भाग आणि दोन्ही मांड्या हव्यात. इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसचा संशय असेल, म्हणजे वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, मुठीची पकड सैल आणि गुडघा अचानक दुमडून पडण्याची तक्रार, तर मांड्यांबरोबर पोटऱ्या आणि कोपराखालचा हातही घ्या. सोय असेल तिथे संपूर्ण शरीराचा एमआरआय उत्तम, कारण या आजाराची ओल ठिकठिकाणी विखुरलेली असते.

फॉर्मवर काय लिहावं याचा एक नमुना देते: ‘दोन महिन्यांपासून दोन्ही बाजूंनी मांड्या-खांद्यांचा अशक्तपणा. पापण्यांवर जांभळट पुरळ. सीके 4200. स्टॅटिन चालू नाही. स्टेरॉइड अजून सुरू नाही. ईएमजी उजव्या बाजूला करायची आहे. बायॉप्सीसाठी डावीकडची जागा सुचवावी.’ (सीके म्हणजे स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम.) लिहायला दोन मिनिटं लागतात, पण वाचणाऱ्याला सगळं मिळतं.

## पायरी 2: तपासण्यांचा क्रम लावा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

योग्य क्रम असा: आधी रक्त (सीके आणि मायोसायटिसच्या अँटिबॉडी), मग एमआरआय, मग एका बाजूला ईएमजी, मग दुसऱ्या बाजूला बायॉप्सी, आणि त्यानंतर स्टेरॉइड. रक्त आधी का? सुई टोचल्याने, स्नायूत इंजेक्शन घेतल्याने आणि जोराच्या व्यायामानेही सीके वर जातं. एमआरआय सुईच्या आधी का? सुई जिथे शिरते तिथे बारीकशी ओल तयार होते आणि स्टिर प्रतिमेत ती दाहासारखीच पांढरी दिसते. बायॉप्सीतही सुईच्या जागेजवळ दाहासारख्या पेशी सापडू शकतात.

एक स्कॅन माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा मोठा स्नायू, व्हास्टस लॅटरॅलिस. त्यात बोटभर लांबीची एकच पांढरी रेघ, आजूबाजूला सगळं काळं आणि निरोगी. मी ‘सौम्य, विखुरलेला दाह’ असं लिहायलाच घेतलं होतं. तेवढ्यात टेक्निशियन म्हणाला, ‘मॅडम, पेशंटच्या मांडीला चिकटपट्टी होती.’ दोन दिवसांपूर्वी त्याच मांडीची ईएमजी झाली होती आणि फॉर्मवर त्याची नोंदच नव्हती. ती चिकटपट्टी टेक्निशियनच्या नजरेस पडली नसती, तर एका माणसाला नको असलेली औषधं सुरू झाली असती.

सावधान: क्रम सांभाळण्यासाठी उपचार अडवून धरू नका. घास गिळता येत नसेल, दम लागत असेल, हृदयावर परिणाम असेल किंवा ताकद दिवसागणिक झपाट्याने जात असेल, तर औषध आधी आणि स्कॅन जमेल तेव्हा. फॉर्मवर मात्र पहिल्या डोसची तारीख लिहा. स्टेरॉइड सुरू होऊन काही आठवडे झाले की ओल कमी होते आणि ‘सामान्य’ रिपोर्टचा अर्थच बदलतो.

सावधान: स्नायूंच्या तपासणीत गुंतून छाती विसरू नका. अँटिसिंथेटेज सिंड्रोम या मायोसायटिसच्या प्रकारात फुप्फुसालाही बऱ्याचदा इजा होते. एमडीए-5 अँटिबॉडी असलेल्या काही रुग्णांत तर स्नायू जवळजवळ ठीक असतात आणि फुप्फुस फार वेगाने बिघडतं. कोरडा खोकला किंवा चालताना दम लागत असेल, तर छातीचा एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी स्कॅन) मांडीच्या एमआरआयसाठी थांबवायचा नसतो.

## पायरी 3: रुग्णाची तयारी

रुग्णासाठी सूचना तशा थोड्याच आहेत, पण त्या काटेकोर पाळायला हव्यात. स्कॅनच्या आधीचे काही दिवस जिम, धावणं, डोंगर चढणं, जोराची मालिश आणि फिजिओथेरपीतले ताकदीचे व्यायाम बंद ठेवा. सवय नसलेल्या व्यायामानंतर, विशेषतः उतारावरून उतरल्यावर, निरोगी स्नायूतही ओल येते आणि ती काही आठवडेसुद्धा टिकू शकते. घरातली रोजची चाल चालू ठेवायला हरकत नाही. गेल्या महिनाभरात दंडावर लस किंवा नितंबावर इंजेक्शन घेतलं असेल, तर बाजू आणि तारीख सांगा.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण, यांपैकी काहीही असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नसतो. अंगावर औषधाची चिकटपट्टी असेल तर तिच्यात धातूचा पातळ थर असू शकतो आणि तो मशीनमध्ये तापून चटका देतो.

मायोसायटिसच्या रुग्णाबाबत आणखी दोन प्रश्न विचारायचे असतात आणि ते बहुतेक वेळा राहून जातात. सरळ उताणं झोपलं की लाळ गिळता येते का? आणि उताण्या अवस्थेत अर्धा तास श्वासाला त्रास होत नाही ना? घशाचे स्नायू कमजोर असतील तर लाळ श्वासनलिकेत उतरू शकते. अशा वेळी पाठीखाली उंच उशी द्या, सिक्वेन्स कमी करा आणि जवळ माणूस उभा ठेवा.

## पायरी 4: टेबलावर झोपवताना

हा रुग्ण स्वतःहून टेबलावर चढू शकेलच असं धरून चालू नका. त्याला मान उचलता येत नाही, हात डोक्यावर नेता येत नाहीत. हात धरून ओढू नका. खांद्यामागे आणि गुडघ्याखाली आधार देऊन आडवं करा. संपूर्ण शरीराच्या स्कॅनला हात शरीरालगत ठेवा, पण हाताची त्वचा मांडीला चिकटू देऊ नका आणि दोन्ही मांड्या एकमेकींना टेकू देऊ नका. मध्ये पॅड ठेवा. त्वचेला त्वचा लागली की शरीरात विद्युत् वळसा तयार होतो आणि भाजू शकतं.

पाय सरळ, अंगठे वर आणि दोन्ही पाय एकाच कोनात असू द्या. एक पाय बाहेर वळलेला असेल तर दोन्ही बाजूंची तुलना करताना डोळा फसतो. दुखऱ्या स्नायूवर घट्ट पट्टा बांधू नका. बायॉप्सीचा विचार असेल तर संभाव्य जागेच्या त्वचेवर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवा. तेल टी-वन प्रतिमेत लख्ख पांढरं दिसतं आणि नंतर सेंटिमीटर मोजायला नेमकी खूण मिळते. बेल हातात देताना ती दाबण्याइतकी ताकद बोटांत आहे का, हे एकदा दाबायला लावून बघा.

## पायरी 5: कोणते सिक्वेन्स, कोणत्या क्रमाने

कमीत कमी दोन सिक्वेन्स लागतात: टी-वन आणि स्टिर. दोन्ही आडव्या कापांत, त्याच जागांवर, त्याच जाडीचे (5 ते 8 मिलिमीटर पुरतात) आणि दोन्ही बाजू एकाच चौकटीत. जोडीला उभ्या प्रतलातला एक स्टिर घ्या. त्यात पसारा एका नजरेत कळतो. डिक्सन पद्धत (पाणी आणि चरबी वेगळी करणारी) असेल तर चरबीचं प्रमाण आकड्यात मिळतं आणि फेरतपासणीला त्याचा मोठा उपयोग होतो.

स्टिरमध्ये चरबी काळी पडण्यासाठी इन्व्हर्जन टाइम (सुरुवातीच्या पल्सनंतर थांबायचा वेळ) बरोबर लागतो: 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर साधारण 150 ते 170 मिलिसेकंद, 3 टेस्लावर साधारण 200 ते 230. एका मशीनचा प्रोटोकॉल दुसऱ्यावर जसाच्या तसा उतरवला की हा आकडा हमखास चुकतो.

कॉन्ट्रास्टची बहुतेक वेळा गरज नसते. स्नायूतली ओल गॅडोलिनियमशिवाय, म्हणजे शिरेतून द्यायच्या त्या कॉन्ट्रास्ट औषधाशिवाय, व्यवस्थित दिसते. पू, गाठ किंवा स्नायूत रक्तपुरवठा तुटल्याचा संशय असेल तरच द्या, आणि मूत्रपिंडाचं काम तपासूनच.

सावधान: कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर स्टिर कधीही काढू नका. गॅडोलिनियम जिथे साचतं त्या ऊतीचा टी-वन काळ (चुंबकीय स्थिती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) चरबीच्या जवळ जाऊ शकतो आणि स्टिर त्या ऊतीचाही सिग्नल दाबतं. जिथे दाह सगळ्यात जास्त, नेमकी तीच जागा काळी दिसू शकते.

## पायरी 6: वाचण्याआधी प्रतिमा तपासा

स्नायूंकडे पाहण्याआधी तीन जागा बघायची मी स्वतःला सवय लावून घेतली आहे.

तपासून पाहा: स्टिर प्रतिमेत त्वचेखालची चरबी सगळीकडे सारखी काळी झाली आहे का? मांडीच्या हाडातला चरबीयुक्त मगज काळा आहे का? प्रतिमेच्या कडेला, कॉइलजवळ (सिग्नल टिपणाऱ्या अँटेनाजवळ), सगळंच उजळ तर नाही ना?

पहिल्या दोहोंपैकी एकाचं जरी उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या भागातल्या पांढऱ्या स्नायूवर विश्वास ठेवू नका. फॅट-सॅट टी-टूमध्ये कडेची चरबी अर्धवट दबते आणि तिथला स्नायू खोटा उजळ दिसतो. म्हणूनच मोठ्या भागासाठी मी स्टिर पसंत करते. 3 टेस्लावर मांड्यांच्या प्रतिमेत मधेच सावलीसारखे पट्टे येतात, त्याने शेजारचा भाग नसलेला उजेड दाखवतो. पडद्यावरचा उजेड-काळेपणाही एकदा ठरवून घ्या आणि सर्व कापांना तोच ठेवा. तो फार ताणला तर प्रत्येकाचा स्नायू आजारी दिसतो.

## पायरी 7: टी-वन आणि स्टिर जोडीने वाचा

दोन्ही प्रतिमा शेजारी लावा आणि एकेक स्नायू दोन्हीकडे पाहा. स्टिरवर पांढरा, टी-वनवर काळसर: दाह ताजा आहे, स्नायू वाचण्याजोगा आहे. स्टिरवर काळा, टी-वनवर पांढरा: जुनी हानी, इथे औषध वाढवून ताकद येणार नाही. दोन्हीकडे पांढरा: जुन्या हानीतच आजार अजून जागा आहे. दोन्हीकडे सामान्य, तरी ताकद नाही: स्टेरॉइडमुळे आलेला अशक्तपणा, थायरॉइडचा विकार, नसांचा किंवा नस-स्नायू जोडणीचा आजार आठवा. स्टेरॉइडच्या अशक्तपणात सीके सहसा सामान्य असतं आणि ओल नसते. हा भेद वेळेत कळला तर डोस वाढवण्याऐवजी कमी केला जातो.

मग ओल नक्की कुठे आहे ते बघा. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये (पुरळासह येणाऱ्या मायोसायटिसमध्ये) ती ठिपक्याठिपक्यांनी असते आणि स्नायूच्या आवरणाच्या, म्हणजे फॅशियाच्या कडेने पसरते. लहान मुलांत त्वचेखालच्या चरबीतही जाळीसारखी दिसते. नेक्रोटायझिंग मायोपॅथीत (स्नायूतंतू मरणाऱ्या प्रकारात) ओल व्यापक असते आणि नितंबाच्या व मांडीच्या स्नायूंत चरबी लवकर भरते. म्हणून त्या रुग्णांत वेळ घालवणं महागात पडतं. इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये मांडीच्या पुढच्या बाजूचे व्हास्टस स्नायू, तेही गुडघ्याकडच्या टोकाला, चरबीने भरतात, त्यांच्या मधला रेक्टस फेमोरिस तुलनेने वाचतो, पोटरीत आतल्या बाजूचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि हातात बोटं मिटवणारे खोल स्नायू बळी पडतात. दोन बाजू सारख्या नसतात. हे चित्र एकदा नीट पाहिलं की विसरत नाही, आणि ज्यांची वर्षं स्टेरॉइडवर वाया गेली अशा रुग्णांत ते ओळखणं फार मोलाचं असतं.

त्वचेखाली किंवा फॅशियालगत सर्व सिक्वेन्समध्ये काळे खडे दिसले तर कॅल्शियम साचलंय का ते साध्या एक्स-रेवर बघा. एमआरआयपेक्षा तिथे ते स्पष्ट दिसतं.

आणि हाडांकडे एक नजर टाकाच. कंबरेच्या स्कॅनमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं दिसतंच. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसात तिथला रक्तपुरवठा तुटून हाड मृत झालेलं असू शकतं आणि जांघेतलं दुखणं ‘मायोसायटिस’ म्हणून खपून जातं. मोठ्या वयाच्या डर्मॅटोमायोसायटिसच्या रुग्णात ओटीपोटात गाठ आहे का तेही पाहा, कारण या आजाराचा कर्करोगाशी संबंध आहे.

## पायरी 8: सारखं दिसणारं दुसरं काय असू शकतं?

ओल म्हणजे मायोसायटिसच, असं समीकरण नाही. एकाच नसेच्या हद्दीतले सगळे स्नायू उजळ आणि फॅशिया कोरडा, तर नस तुटल्याची किंवा दबल्याची शक्यता जास्त. जुना मधुमेह, एका मांडीत अचानक तीव्र वेदना आणि सूज, तर मधुमेहातला स्नायूचा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग). ताप आणि एकाच स्नायूत पाण्याचा खळगा असेल तर पू. रेडिएशन घेतलेलं असेल तर ओल त्या चौकटीच्या सरळ रेषेत थांबते. डिस्फर्लिनच्या दोषाची डिस्ट्रॉफी आणि चेहरा-खांद्यांची डिस्ट्रॉफी, दोन्हींत ओल दिसू शकते. उपचारांना दादच न देणाऱ्या तरुण ‘पॉलिमायोसायटिस’च्या (पुरळाशिवायच्या मायोसायटिसच्या) रुग्णात जनुकीय तपासणीचा विचार करा.

उलट बाजूही सांगायला हवी: स्कॅन सामान्य आला म्हणून मायोसायटिस नाही असं होत नाही. 2017 च्या युलार-एसीआर (युरोपीय आणि अमेरिकी संधिवात संघटनांच्या) वर्गीकरणात एमआरआयला गुण नाहीत. पुरळ, ताकद, अँटिबॉडी आणि बायॉप्सी यांच्या शेजारी बसूनच स्कॅन बोलतो.

## पायरी 9: बायॉप्सीची जागा सुचवा

स्टिरवर उजळ, टी-वनवर चरबी नसलेला, वरून सहज हाताला लागणारा, मोठ्या रक्तवाहिनीपासून दूर, आणि ईएमजी झालेल्या बाजूचा नसलेला स्नायू निवडा. संपूर्ण चरबी झालेल्या स्नायूचा तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखाली फक्त ‘शेवटची अवस्था’ दिसते, निदान होत नाही. रिपोर्टमध्ये ‘डावा व्हास्टस लॅटरॅलिस’ एवढं लिहून थांबू नका. ‘गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 14 सेंटिमीटर वर, त्वचेपासून 2 सेंटिमीटर खोल’ असं लिहा. सर्जनला मोजपट्टी लावता येते असा रिपोर्ट हवा.

एमआरआय शक्य नसेल तर सोनोग्राफी जागा दाखवू शकते. भरपूर जेल, प्रोब अगदी काटकोनात आणि दाब जवळजवळ शून्य. प्रोब जरा तिरका झाला की निरोगी स्नायूची छटाही बदलते. नवी ओल सोनोग्राफीत निसटू शकते, हे मात्र ध्यानात ठेवा.

## पायरी 10: फेरतपासणी

बरं वाटत असताना दर महिन्याला स्कॅन काढण्यात अर्थ नाही. ताकद परतली तरी ओल त्यानंतर काही काळ रेंगाळते आणि तिच्याकडे पाहून औषध वाढवलं जातं. फेरस्कॅन काढा तो ताकद आणि सीके यांचा मेळ बसत नसेल तेव्हा, किंवा औषध बदलण्याचा मोठा निर्णय समोर असेल तेव्हा.

तुलना करायची असेल तर मशीन तेच, सिक्वेन्स तेच, पायांची ठेवण तीच आणि कापांची पातळी हाडाच्या त्याच खुणेपासून मोजलेली हवी. दोन सेंटिमीटर वरचा काप घेतला तर स्नायू आपोआप जाड दिसतो आणि ‘सुधारणा’ लिहिली जाते. रिपोर्टमध्ये प्रत्येक स्नायूची ओल आणि चरबी वेगवेगळी नोंदवा. चरबीसाठी मर्क्युरी या संशोधकाच्या नावाची 0 ते 4 ही श्रेणी सोयीची आहे. शेजारी फक्त मागचा स्कॅन लावू नका, उपचारांआधीचा पहिलाही लावा. दरवेळी ‘थोडासाच फरक’ असतो, पण पहिल्याशेजारी ठेवलं की तीन वर्षांत किती स्नायू चरबीत गेला ते समोर येतं.

त्यासाठी घरच्यांनी एक करावं: पहिल्या स्कॅनची सीडी जपून ठेवावी, नुसता कागद पुरत नाही. आणि सीडीच्या पाकिटावर त्या दिवशीची सीकेची पातळी, स्टेरॉइडचा डोस आणि रुग्ण हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठू शकत होता की नाही, एवढं पेनाने लिहून ठेवावं.